अर्धवट राहिलेल्यांची राखण

आपल्याकडे पूर्ण झालेल्या कामापुढे नारळ फुटतो आणि अपुरे राहिलेले काम माळ्यावर जाते. छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशन थाटात होते. त्याच पुस्तकाच्या कच्च्या वहीची पाने पुढच्या महिन्यात पुडी बांधायला निघतात. शेवटास गेले ते कार्य, बाकी सगळा खटाटोप, असा आपला सरळ हिशेब आहे. मला हा हिशेब मान्य नाही. का मान्य नाही हे सांगताना मी जो दाखला घेणार आहे तो वाचून आमच्या काही गुरुजनांच्या कपाळावर आठी चढेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. कारण तो दाखला व्हिडिओ गेमचा आहे!

होय, व्हिडिओ गेमचाच. तोही बाजारात आलेल्या आणि मुलांनी खेळून खेळून बटणे झिजवलेल्या खेळांचा नव्हे, तर जे खेळ तयार होऊनही कधी बाजारात आलेच नाहीत त्यांचा.

एकोणीसशे ऐंशी-नव्वदच्या दशकांत जपानात व अमेरिकेत खेळ तयार होत आणि ते कॅसेटीत भरून विकले जात. टीव्हीला जोडावयाचा डबा आणि त्यात वरून खोचायची कॅसेट आपल्या तालुक्याच्या बाजारातही पुढे आली. आमच्या थोरल्या भावांनी ती भाड्याने आणून खेळल्याच्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत. खेळ विक्रीस निघण्यापूर्वी कारखान्यात त्याच्या नमुन्याच्या काही कॅसेटी करीत. एखादी तपासनिसाकडे जाई, एखादी मासिकाच्या परीक्षकाकडे, एखादी प्रदर्शनात मांडण्यासाठी. आपल्या भाषेत सांगायचे तर तो खेळाचा कच्चा खर्डा. पुष्कळदा खर्ड्यानंतर पक्की प्रत निघे. कित्येकदा मात्र मालकाचा विचार बदले, बाजाराचा वारा फिरे आणि खेळ तेथेच थांबे. उरत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नमुन्याची कॅसेट आणि ती करणाऱ्यांची आठवण.

'स्टार फॉक्स २' या खेळाची हकीकत पाहा. जपानच्या निंटेंडो कंपनीने इंग्लंडच्या अर्गोनॉट कंपनीच्या तरुण कारागिरांसह तो १९९५ च्या सुमारास जवळजवळ पुरा केला होता. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्यांची अधिक ताकदीची यंत्रे बाजारात आली, निंटेंडोचे स्वतःचे नवे यंत्रही १९९६ मध्ये यावयाचे होते, आणि जुन्या यंत्रावरचा हा खेळ त्यांच्यापुढे फिका दिसेल म्हणून तो रद्द झाला. त्याचा एक अपुरा मसुदा पुढे कसाबसा बाहेर पडला आणि हौशी लोक त्याच्यावर वर्षानुवर्षे अभ्यास करीत राहिले. शेवटी २०१७ मध्ये कंपनीने आपल्याजवळची पूर्ण प्रत स्वतःच प्रसिद्ध केली. बावीस वर्षांचा वनवास! पण वनवासातून परत येता आले ते प्रत कोणीतरी सांभाळून ठेवली होती म्हणूनच.

दुसरी हकीकत 'मदर' या जपानी खेळाची. शिगेसातो इतोई या लेखकाने रचलेला हा खेळ १९८९ चा. त्याचे इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये पुरे झाले, नमुन्याची कॅसेटही तयार झाली आणि मग तो अमेरिकेत आलाच नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका संग्राहकाजवळ अशी एक कॅसेट निघाली. चाहत्यांनी पैसे जमवून तिच्यातील मजकुराची प्रत मिळविली व सर्वांना खुली केली. हे बनावट आहे, असे म्हणणारेही निघाले. पण २०१५ मध्ये कंपनीने तोच अनुवाद अधिकृतपणे बाहेर काढला तेव्हा शंकेखोरांना उत्तर मिळाले. एका भाषांतरकाराचे श्रम पंचवीस वर्षे अंधारात पडून होते. आपण भाषेचे विद्यार्थी. या गोष्टीचे दुःख आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळावे?

तिसरा दाखला 'सिमसिटी'चा. शहर वसवून चालविण्याचा हा खेळ. निंटेंडोच्या जुन्या, आठ बिटांच्या यंत्रासाठी केलेली त्याची आवृत्ती १९९१ च्या जानेवारीत अमेरिकेतील प्रदर्शनात दाखविली गेली व नंतर नाहीशी झाली. तिच्या नमुन्याच्या कॅसेटी पाव शतकानंतर हाती लागल्या, आणि व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये त्यांतील मजकूर अभ्यासासह खुला केला. त्याच्या पुढच्या यंत्रावर जी आवृत्ती गाजली तिच्याशी ताडून पाहता येते की कोणती कल्पना आधीच सुचली होती, कोणती गाळली गेली, कोणती नंतर आली. ज्ञानेश्वरीच्या दोन पोथ्यांतील पाठभेद लावणाऱ्या अभ्यासकाचे काम याहून वेगळे ते काय?

आता या राखणीचे तंत्र थोडक्यात सांगतो, कारण त्यातच माझ्या म्हणण्याची निकड आहे. नमुन्याच्या कॅसेटीत बहुधा 'ईप्रॉम' नावाची चिप असे. तिच्या पाठीवर काचेसारखी पारदर्शक क्वार्ट्‌झची खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडला की आतला मजकूर पुसून चिप पुन्हा लिहिता येते. म्हणूनच ती नमुन्यासाठी सोयीची. मजकूर राहतो तो विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने. खिडकीवरची चिकटपट्टी निघाली आणि चिप उन्हात राहिली तर तो हळूहळू पुसतो. आणि झाकून ठेवली तरी काही दशकांत तो भार झिरपत जातो. एखादे अक्षर बदलते, मग एखादी ओळ, आणि शेवटी खेळ सुरूच होत नाही. ज्या कॅसेटी आज चाळीस वर्षांच्या झाल्या त्यांची घटका भरत आली आहे, असे समजावे. उपाय एकच: चिप वाचक-यंत्रात बसवून तिच्यातील प्रत्येक अंक जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, दोनदा-तीनदा वाचून त्या प्रती एकमेकींशी जुळतात का हे पाहायचे, आणि त्या अनेक ठिकाणी ठेवायच्या. जुन्या यंत्राची नक्कल करणारी प्रणाली, जिला इम्युलेटर म्हणतात, ती असली की तोच मजकूर आजच्या संगणकावर पुन्हा चालतो. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने सुरू केलेला 'मेम' हा अशाच प्रयत्नांपैकी एक. आणि हे सारे ठेवायला जागा तरी किती लागते? 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा जगप्रसिद्ध खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांचा आहे. आपल्या मोबाइलमधला एक फोटो त्याच्या कितीतरी पट भरेल! म्हणजे अडचण जागेची नाही, इच्छेची आहे.

येथे तीन आक्षेप येतात. ते रास्त आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, ही शेवटी खेळणी. खेळण्यांची एवढी राखण कशाला? उत्तर सोपे आहे. सिनेमालाही आरंभी लोक तमाशाच म्हणत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. आज तो सबंध पाहायला मिळत नाही, त्याचे काही भागच उरले. १९३१ चा 'आलम आरा', हिंदुस्थानचा पहिला बोलपट, त्याची तर एकही प्रत शिल्लक नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर किती रिळे चांदीसाठी वितळली आणि किती सडली! तेथे पी. के. नायर यांनी बऱ्या-वाईटाची निवड न करता मिळेल ते गोळा केले, म्हणून आज थोडेफार हाती आहे. आज ज्याला आपण खेळणे म्हणतो त्याला आपली नातवंडे काय म्हणतील, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि परिस्थिती किती बिकट आहे पाहा. वर सांगितलेल्या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. प्रसिद्ध झालेल्यांची ही कथा, तर अप्रसिद्धांची काय असेल?

दुसरा आक्षेप मालकीचा आणि मनाचा. कर्त्याने जे बाहेर काढले नाही ते आपण का बाहेर काढावे? एखाद्या कवीने फाडलेली कविता केरातून उचलून छापावी काय? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण येथे दोन गोष्टींची गल्लत होते. जपणे वेगळे आणि वाटणे वेगळे. वाटण्याच्या बाबतीत कर्त्याची इच्छा, कायदा, संकोच या सर्वांना मान दिलाच पाहिजे. जपण्याच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही, कारण चिप थांबत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ असलेल्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. उलट अमेरिकेत जपलेले जुने खेळ संशोधकांना दुरून पाहू द्यावेत ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. वाटण्याचा तंटा असा चालू राहील. पण तंटा मिटेपर्यंत वस्तूच नाहीशी झाली, तर निकाल कोणाच्या बाजूने लागला याला अर्थ काय उरतो? शिवाय बहुतेक रद्द खेळ कर्त्यांनी फाडलेले नाहीत; ते हिशेबनिसांनी थांबविलेले आहेत. करणाऱ्याला तो दाखवायचाच होता.

तिसरा आक्षेप संग्राहकांचा. 'मी पैसे मोजले, कॅसेट माझी. मी प्रत का द्यावी? प्रत दिली की माझ्या मालाची किंमत उतरेल.' असे म्हणणारे तिकडे पुष्कळ आहेत. अटारी कंपनीचा 'अका आर' हा १९८२ चा न निघालेला खेळ. त्याची दोन-तीनच यंत्रे जगात माहीत होती आणि त्यांतील मजकूर २०१९ पर्यंत लोकांना मिळाला नव्हता. २०२२ मध्ये खुद्द अटारीनेच तो आपल्या जुन्या खेळांच्या संग्रहातून सर्वांपुढे ठेवला. आता उलट उदाहरण पाहा: हिडन पॅलेस या हौशी मंडळींच्या गटाने २०२१ च्या मार्चमध्ये प्लेस्टेशन २ या यंत्राचे सातशेहून अधिक नमुने एकदम खुले केले. संग्राहकाची मालकी मी नाकारीत नाही. कॅसेट त्याने आपल्या काचेच्या कपाटात खुशाल ठेवावी. पण आतला मजकूर उतरवून न देणे म्हणजे विहीर आपल्या शेतात आहे म्हणून पाणी आटेपर्यंत झाकण न काढणे होय. त्यात मालकाचीही तहान भागत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशचे. फुलसावंगीच्या मुलाला याच्याशी काय करायचे? माझे उत्तर असे की, अशी राखण आपल्याच मुलखाने फार पूर्वी केली आहे. महानुभाव पंथाचे उदाहरण घ्या. आपल्याला जवळचे असलेले माहूर हे त्यांचे तीर्थ. अमरावतीकडचे रिद्धपूर हे त्यांच्या वाङ्मयाचे माहेर. चक्रधरस्वामींच्या आठवणी तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी गोळा केल्या, तोच 'लीळाचरित्र'. मूळ पोथी धामधुमीत गेली आणि शिष्यांनी स्मरणाने ती पुन्हा उभी केली, म्हणून तिचे निरनिराळे पाठ झाले, असे परंपरा सांगते. पुढे हे वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद झाले. अक्षरे डोळ्यांपुढे, पण वाचता कोणाला यावयाची नाहीत! विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचे कुलूप उघडले. आपल्या यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी मठांतील पोथ्या धुंडाळून १९२५ मध्ये महानुभावांच्या मराठी वाङ्मयावर ग्रंथ लिहिला, वि. भि. कोलत्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. बी.ए.च्या वर्गात आपण ते मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून अभिमानाने वाचतो. पोथ्या मठात तशाच पडून राहिल्या असत्या, किंवा 'वाचता येत नाहीत, मग टाका' असे कोणी म्हटले असते, तर आपल्या भाषेचा पहिला अध्यायच कोरा राहिला असता. चिपमधला मजकूर उतरवून घेणारा आणि पोथीतली सकळ लिपी उकलणारा हे एकाच जातीचे कामकरी आहेत, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आणि आता फुलसावंगीचे बोलतो. आमच्या गावाचे नाव देशभर झाले ते ऑगस्ट २०२१ मध्ये, तेही एका अपुऱ्या राहिलेल्या नमुन्यामुळे. शाळा लवकर सुटलेल्या, वेल्डिंगचे काम करणाऱ्या आमच्या गावच्या एका तरुणाने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर उभे केले, आणि चाचणीच्या वेळी पाते तुटून डोक्याला लागल्याने तो गेला. वृत्तपत्रांनी बातमी दिली. मोबाइलवर चित्रफीत हातोहात फिरली. कोणी वेडा म्हटले, कोणी वीर म्हटले. दोन्ही शब्द मला अपुरे वाटतात. त्याला वेडा म्हणणाऱ्याने पंख्याची पाती कापून, घासून, तोलून बसवायला काय लागते हे पाहिलेले नाही. आणि त्याला नुसता वीर म्हणून हार घालणारा त्याच्या कामाकडे पाठ फिरवतो, कारण वीराकडून आपण काही शिकत नाही, फक्त टाळ्या वाजवतो.

माझे म्हणणे असे की, तो कारागीर होता आणि कारागिराचा खरा मान त्याचे काम नीट नोंदवून ठेवण्यात आहे. घरच्या मंडळींची संमती घेऊन, त्यांच्या दुःखाचा मान राखून, लिहून ठेवावे: सांगाडा कसा जोडला होता, मापे काय होती, वजन किती होते, पाते कोठून तुटले, कोणती खबरदारी असती तर हात राहिला असता आणि माणूसही राहिला असता. उद्या याच तालुक्यात दुसरा एखादा मुलगा असाच पत्रा कापायला बसेल. बसणारच, कारण आपल्या गावांत बुद्धीचा दुष्काळ कधीच नव्हता. तेव्हा त्याच्या हातात हारतुऱ्यांची बातमी पडावी की ती वही पडावी? बातमीने त्याची छाती फुगेल. वहीने त्याचा जीव वाचेल. अपुऱ्या कामाच्या नोंदीला किती मोल असू शकते हे यापेक्षा अधिक स्पष्ट मला सांगता येणार नाही.

खेळांच्या गोष्टीत जीव जात नाही हे खरे. पण नियम एकच आहे. पुरे झालेले काम आपल्याला उत्तर दाखविते. अपुरे काम रीत दाखविते, आणि कोठे चुकले तेही दाखविते. गणिताच्या पेपरात नुसत्या उत्तराला गुण मिळत नाहीत, रीतीला मिळतात, हे आपण शाळेत शिकलो आणि शाळा सुटताच विसरलो.

तेव्हा नुसते लिहून न थांबता मी एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक कपाट अपुऱ्यांसाठी राखावे. त्यात काय ठेवायचे? या वार्षिकांकासाठी आलेले, छापले न गेलेले लेख व कविता, अर्थात ज्यांची परवानगी असेल त्यांचेच. स्नेहसंमेलनात बसू न शकलेल्या एकांकिकांच्या संहिता. प्राध्यापकांच्या अर्ध्यावर राहिलेल्या संशोधनाच्या टाचणवह्या. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या गाण्यांच्या ध्वनिफिती. आणि ज्यांच्या घरी जुन्या खेळांच्या कॅसेटी, फ्लॉपी, बंद पडलेले संगणक पडले असतील त्यांनी ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा येथे दाखवावेत.

यातील शेवटच्या गोष्टीची घाई विशेष आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या वर्षांत मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा निरनिराळ्या फॉण्टांत टंकला जाई. त्या फाइली आज उघडल्या आणि तो फॉण्ट जवळ नसला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर तेथेच आहे, पण वाचता येत नाही. ही आपल्या काळाची सकळ लिपीच म्हणा ना! जिल्ह्यातील किती स्मरणिका, किती कवितासंग्रह, किती साप्ताहिकांची पाने अशा फाइलींत अडकून असतील! त्यांची किल्ली अजून जिवंत माणसांजवळ आहे. ज्या डीटीपीवाल्याने ती टंकली तो अजून तालुक्याला दुकान चालवितो. त्याला आज विचारले तर काम एका दुपारचे आहे. वीस वर्षांनी विचारायला गेलो तर आपल्यालाही एखादे राजवाडे शोधावे लागतील, आणि राजवाडे वरचेवर जन्मत नाहीत.

या कपाटाला खर्च फारसा नाही. एक लोखंडी कपाट, एक नोंदवही, दोन हार्डडिस्क, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी ठेवण्यासाठी, आणि दरवर्षी दोन विद्यार्थी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातला एक दिवस गावातले अपुरे कागद गोळा करण्याला द्यावा. प्राचार्य व ग्रंथपाल महोदयांनी या सूचनेचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. विद्यार्थी मित्रांना मात्र विनंती नाही, आग्रह आहे. परीक्षा संपली की वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळा. ज्या पानावर सर्वांत जास्त खाडाखोड असेल ते पान काढून ठेवा, त्यावर तारीख घाला, नाव लिहा, आणि येत्या जूनमध्ये महाविद्यालय उघडले की ते घेऊन या. कपाट मिळेपर्यंत माझी पत्र्याची पेटी आहे. पहिली नोंद मी तिच्यातच करीन.